किंवा तत्सम

संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आलेला शब्द तत्सम, आणि येताना रूप पालटून आलेला शब्द तद्भव, हे वाक्य मी बडोद्याच्या एका महाविद्यालयात गेली तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. ‘कर्ण’ तत्सम, ‘कान’ तद्भव. ‘हस्त’ तत्सम, ‘हात’ तद्भव. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. या दोन शब्दांचा मोटारगाडीशी काही संबंध असू शकेल असे मला कधी वाटले नव्हते. तो संबंध २०२३ च्या मार्च महिन्यात जुळला. युरोपात भाड्याने मोटार घेण्याचा करार मी वडिलांना मराठीत समजावून सांगत होते. गाडीचे चित्र होते, खाली तिचे नाव होते, आणि नावाला जोडून दोन इंग्रजी शब्द होते. त्यांचे भाषांतर करताना माझ्या तोंडून सहज निघून गेले, “किंवा तत्सम.”

“म्हणजे काय?” अण्णांनी विचारले.

“म्हणजे हीच गाडी मिळेल असं नाही. हिच्या वर्गातली कुठलीतरी मिळेल.”

“मोटार म्हणजे काय बटाटे आहेत? हा नाही तर तो?”

अण्णांच्या तोंडी हा प्रश्न शोभत होता. त्यांचे सारे आयुष्य एकाच मोटारीच्या संगतीत गेले. १९६३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर म्हणून लागले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला होता, आणि ‘फियाट अकराशे’ ही गाडी कुर्ल्यात तयार होत होती. इटालियन नाव पुढे गेले आणि १९७४ साली तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले तरी आत तेच १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन होते. इटलीने १९६९ मध्ये अकराशेचे उत्पादन थांबवले. कुर्ल्यात ती जवळजवळ आणखी तीस वर्षे बनत राहिली. या काळात तिने इथल्या उन्हापावसाशी, खड्ड्यांशी आणि रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलशी जमवून घेतले. माझ्या शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर अकराशे हे तत्सम रूप होते आणि पद्मिनी तद्भव.

अण्णा गिअरबॉक्सच्या विभागात होते. पुढे तिथेच परीक्षक झाले. जोडून तयार झालेला गिअरबॉक्स चाचणीच्या मेजावर फिरत असताना ते त्यावर तळहात ठेवीत आणि कान देऊन ऐकत. दोन दातांमध्ये केसभर जादा फट असली तर ती आधी हाताला कळते, मग कानाला, आणि मोजमापाच्या उपकरणाला सर्वांत शेवटी, असे ते म्हणत. नापास केलेल्या बॉक्सवर ते खडूने फुली मारीत. त्या फुलीवरून वरिष्ठांशी त्यांचे अनेकदा वाजले, पण मारलेली फुली त्यांनी कधी पुसली नाही.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात एका परक्या गावाचे नाव नेहमी ऐकू येई: तोरिनो. आपण त्याला ट्युरिन म्हणतो. १८९९ साली फियाट कंपनी निघाली ती याच गावात. अण्णांच्या हाताखालून जाणाऱ्या जुन्या आराखड्यांवर ते नाव छापलेले असे, आणि त्यासोबत काही इटालियन शब्दही. ‘कांबिओ’ म्हणजे गिअर, ‘फ्रिझिओने’ म्हणजे क्लच, ‘आल्बेरो’ म्हणजे दांडा. इटालियन भाषेचे एक वाक्यही न येणाऱ्या माझ्या वडिलांना तिच्यातली पाऊणशे नामे तोंडपाठ होती. ते गाव एकदा पाहावे अशी त्यांची इच्छा होती आणि तिला एक अट होती. तिथे मोटारीने जायचे. “मोटारीच्या गावाला आगगाडीने जायचं म्हणजे लग्नाला सुतकी कपड्यात जाण्यासारखं आहे,” असे ते म्हणत.

ही इच्छा इतकी वर्षे लांबणीवर पडत गेली आणि २०२१ साली एकाएकी निकडीची झाली. अण्णांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. या रोगात दृष्टी मधून जात नाही, कडांनी आत आत आक्रसत येते. समोरचे अक्षर वाचता येते, पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद करायला सांगितले. औषधाच्या थेंबांनी उरलेली नजर टिकवून धरता येत होती, गेलेली परत येणार नव्हती.

बेत असा ठरला होता की माझा थोरला भाऊ अमेरिकेतून येईल आणि गाडी तो चालवील. दादाला अण्णांनी स्वतः शिकवले होते. १९८६ साली त्यांनी एक जुनी पद्मिनी विकत घेतली, तेव्हा दर रविवारी सकाळी ते दादाला घेऊन निघत. मी मागच्या आसनावर रेडिएटरसाठी पाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेली असे. मलाही शिकवा असे मी एकदा म्हणाले, तेव्हा अण्णा म्हणाले होते, “तुला कशाला? तुला नेणारा येईल की.” त्यात तुच्छता नव्हती, त्या काळचे ते साधे गृहीत होते. मी गाडी शिकले ती अडतिसाव्या वर्षी, बडोद्यात, फी भरून. त्यानंतर अण्णा माझ्या गाडीत असंख्य वेळा बसले. पण नेहमी मागे.

फेब्रुवारीत दादाचा फोन आला. त्याला रजा मिळत नव्हती. पुढच्या वर्षी नक्की, असे तो म्हणाला. पुढचे वर्ष ही कल्पना अण्णांच्या डोळ्यांच्या संदर्भात किती अवघड आहे हे त्याला फोनवर सांगणे मला जमले नाही. “मी चालवते,” असे मी म्हणून बसले. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारले, “कुठली गाडी घेणार?” त्या प्रश्नातच मी होकार वाचला.

गाडी निवडायची असते हेच मुळी आमच्या घराला नवीन होते. अण्णांच्या उमेदीच्या काळात या देशात मोटार घेऊ पाहणाऱ्यापुढे दोन-तीन नावे असत, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. निवड करायची ती कारखान्याने. आपण फक्त पाळी येण्याची वाट पाहायची. आता समोर चित्रांची एक लांबलचक माळ होती. त्यातल्या प्रत्येक चित्राखाली चार रोमन अक्षरांचा एक संकेत होता, आणि तो उलगडू लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की हे तर व्याकरणच आहे. पहिले अक्षर गाडीचा वर्ग सांगते: लहान, किफायतशीर, मध्यम, मोठी. दुसरे तिचा घाट सांगते: दोन दारांची, चार-पाच दारांची, मागे सामानाची लांब जागा असलेली. तिसऱ्या अक्षरावरून गिअर हाताने बदलायचे की आपोआप बदलणार ते कळते. चौथे इंधन आणि वातानुकूलन यांविषयी असते. आपण भाड्याने घेतो ती गाडी नव्हेच. आपण घेतो तो हा चार अक्षरांचा साचा. त्यात कोणते नाम बसवायचे ते ऐनवेळी ठरते, आणि म्हणूनच ते ‘किंवा तत्सम’.

पहिल्या अक्षरावर वाद झाला नाही. अण्णांचे मन ‘फियाट ५००’च्या चित्रावर गेले होते. परंतु तिला दोनच दारे, आणि डिकी १८५ लिटरची. एक मोठी बॅग ठेवली की दुसरी मांडीवर घ्यावी लागेल. शिवाय मागे सरकवलेल्या आसनावरून त्यांचे गुडघे त्यांना उठू देतील की नाही याची मला खात्री नव्हती. माहिती शोधता शोधता मी त्यांना हेही सांगितले की ही इतकी इटालियन दिसणारी गाडी पोलंडमधल्या टिची या गावी बनते. अण्णा क्षणभर थांबले आणि मोठ्याने हसले. “म्हणजे त्यांचंही कुर्ला आहेच!” मग मध्यम वर्गातली, पाच दारांची, ४४० लिटर डिकी असलेली ‘फियाट टिपो’ आम्ही पाहिली. ती तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात तयार होत असे. तिच्या चित्रावर आमचे एकमत झाले.

मार्गही गाडीच्या अटींनीच ठरत गेला. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची तर जबर शुल्क पडते. म्हणून जिथून निघायचे तिथेच परत येणारे वर्तुळ आखले. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी एका दिवसालाही वर्षाचेच ४० फ्रँकचे शुल्क भरावे लागते. तो देश वर्तुळाबाहेर ठेवला. मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून आओस्ता, तिथून माँ ब्लाँच्या बोगद्याने फ्रान्समध्ये, मग माँ स्नीच्या घाटाने पुन्हा इटलीत उतरून ट्युरिन, असा बेत झाला. सीमा ओलांडण्याची परवानगी आम्ही कंपनीकडून आधीच लेखी मागून घेतली. आर.टी.ओ.मधून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यासोबत इटलीत तो लागतोच. विमा भाड्यात धरलेला होता, पण नुकसान झाले तर त्यातला पहिला मोठा हिस्सा भाडेकऱ्याचा; तेवढी अनामत चालकाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड माझे, म्हणून करार माझ्या नावावर. अण्णांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास माझ्या सहीने होणार होता.

खरा पेच तिसऱ्या अक्षरापाशी पडला. बडोद्यात मी हाताने बदलायच्या गिअरचीच गाडी चालवते, पण तिथे गिअर माझ्या डाव्या हाताला असतो. युरोपात रस्त्याची उजवी बाजू, स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. चौकातला वळसाही आपल्या उलट दिशेने. त्यात आल्प्सचे चढ आणि शेजारी ब्याऐंशी वर्षांचे वडील. इतक्या नव्या गोष्टींमधून एक तरी कमी करावी असे मला वाटत होते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या तिकडे संख्येने कमी आणि भाड्याने महाग. तरीही मी त्या अक्षरावर बोट ठेवले.

अण्णा म्हणाले, “गिअर हाताला कळला पाहिजे. तो आपोआप बदलला तर गाडी तू चालवणार की तुला गाडी?”

तेहेतीस वर्षे गिअरबॉक्सवर हात ठेवून ऐकलेल्या माणसाला मी सांगत होते की तुमच्या गावाला जाताना गिअर मला नको. त्यांचे म्हणणे मला कळत होते, आणि तरी मी अक्षर बदलले नाही. ते रागावले नाहीत. पण दोन दिवसांनी त्यांनी कराराच्या मसुद्यातली एक रिकामी ओळ दाखवली. ‘दुसरा चालक’ अशी ती ओळ होती. “इथे माझं नाव घाल. चालवणार नाही. नुसतं असू दे.”

त्यांच्या परवान्याची मुदत २०२४ पर्यंत होती. नजरेची नव्हती. मला भीती वाटली ती अशी की एकदा नाव लागले की एखाद्या निर्मनुष्य रस्त्यावर, एखाद्या सुंदर सकाळी, ते हात पुढे करतील आणि मला किल्ली नाकारता येणार नाही. हे सारे तोंडाने बोलण्याऐवजी मी म्हणाले, “अण्णा, कंपनीची वयाची अट आहे. पंच्याहत्तरच्या पुढे चालत नाही.” काही देशांत काही कंपन्यांची अशी अट असते, हे मी वाचले होते. आमच्या कंपनीची होती की नाही, हे मी पाहिले नव्हते. खऱ्या कारणाच्या जागी मी एक तत्सम कारण ठेवले, आणि ते मानले गेल्याचे मला हायसे वाटले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मालपेन्साला उतरलो. भाड्याच्या मोटारींच्या खिडक्यांपुढे रांग होती. आमची पाळी आल्यावर खिडकीतल्या तरुणाने संगणकात पाहून सांगितले की टिपो तयार आहे, पण हाताच्या गिअरची. तिसऱ्या अक्षराप्रमाणेच हवी असेल तर टोयोटा कोरोला आहे, पेट्रोल आणि वीज अशा दुहेरी बळावर चालणारी. दोन्हींचे भाडे तेच. मग शेजारच्या सहकाऱ्याला विचारताना तो इटालियनमध्ये काही म्हणाला, त्यात ‘कांबिओ मान्युआले’ आणि ‘कांबिओ आउतोमातिको’ हे शब्द होते. अण्णांनी झटकन मान वर केली. साठ वर्षांपूर्वी आराखड्यावर वाचलेला शब्द ते प्रथमच माणसाच्या तोंडून ऐकत होते. “कांबिओ,” ते म्हणाले. तरुण हसला आणि त्यानेही तो शब्द पुन्हा उच्चारला.

त्या ओळखीच्या धिटाईने अण्णांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याला विचारले की गाडी चालवायला तुमच्याकडे जास्तीत जास्त वय किती चालते. तरुणाने निरागसपणे उत्तर दिले: आमच्याकडे वरची मर्यादा नाही; परवाना चालू असला म्हणजे झाले; आपले नाव घालू का?

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे पूर्ण पाहण्यासाठी त्यांना आता मान बरीच वळवावी लागते. ती त्यांनी सावकाश वळवली. मला खाली पाहावेसे वाटत होते. रांगेतली माणसे आपापल्या बॅगा पुढे सरकवीत होती. त्या क्षणी मी मनाशी ठरवले की टिपो घ्यायची. हाताचा गिअर घेईन, रात्री रिकाम्या जागेत सराव करीन, पण एवढे तरी त्यांच्या मनासारखे होऊ दे. मी टिपोसाठी तोंड उघडले.

“नाव नको,” अण्णा तरुणाला म्हणाले. मग मला मराठीत म्हणाले, “चालवायची तुला आहे ना? मग तुझ्या हाताला येईल ती घे.”

मी कोरोला घेतली. वाहनतळावर तिच्याभोवती एक फेरी मारून अण्णांनी विचारले की ही कुठे बनली. माझ्या माहितीप्रमाणे या घाटाची कोरोला इंग्लंडमधल्या बर्नास्टनला बनते, असे मी सांगितले. “जपानची गाडी, इंग्लंडात बनलेली, इटलीत भाड्याने घेतलेली, आणि चालवणारी बडोद्याची,” ते म्हणाले आणि पुढचे दार उघडून बसले. त्यांच्या ध्यानात आधी आले नव्हते, माझ्याही आले नव्हते, की तिथे चालकाच्या शेजारचे आसन उजवीकडे असते. पन्नास वर्षे ज्या बाजूला बसून त्यांनी गाडी चालवली त्याच बाजूला ते बसले होते. फक्त समोर स्टिअरिंग नव्हते. गाडी सुरू करताच त्यांचा उजवा पाय पुढे गेला आणि पायपोसावर जिथे ब्रेक असायला हवा तिथे टेकून राहिला.

आओस्तापर्यंतचा महामार्ग सरळ होता. त्या संध्याकाळी जेवताना अण्णा एकाएकी म्हणाले, “वयाचं कशाला सांगितलंस? डोळ्यांचं सांगितलं असतंस तर ऐकलं असतं मी.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“ते वाटलंच असतं. पण खरं वाटलं असतं.” थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच विषय बदलला. “त्या गाडीत गिअर नाहीत म्हणजे नक्की काय आहे, ते बघ तुझ्या फोनवर.”

मी आकृती शोधून मोठी करून दिली. ती डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ न्याहाळली, आणि मग कागदी रुमालावर स्वतः काढली. मधोमध एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणतात. भोवती फिरणारी लहान चाके, ते ग्रह. आणि सर्वांना कवेत घेणारी बाहेरची कडी. ग्रहांच्या चौकटीला पेट्रोलचे एंजिन जोडलेले, सूर्याला एक विद्युत-यंत्र, आणि कडीवरून गती चाकांकडे. सूर्य किती वेगाने फिरवायचा एवढे ठरवले की एंजिन आणि चाके यांचे प्रमाण पायऱ्यांवाचून, अखंड बदलत राहते. रात्रशाळेत हे प्रकरण आपण शिकलो होतो, पण कुर्ल्यात त्याचा कधी उपयोग पडला नाही, असे ते म्हणाले. रुमालाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. “म्हणजे गिअर आहेत. दातही आहेत. फक्त बदलावे लागत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी माँ ब्लाँचा ११.६ किलोमीटरचा बोगदा लागला. १९६५ साली तो खुला झाला, आणि २४ मार्च १९९९ रोजी आत पेटलेल्या एका मालमोटारीमुळे ३९ माणसे दगावली. तेव्हापासून पुढच्या वाहनापासून १५० मीटरचे अंतर राखावे लागते. ते अंतर सांभाळताना माझे हात घट्ट झाले होते. अण्णा अजिबात बोलले नाहीत. बाहेर उजेडात आल्यावर त्यांनी इतकेच विचारले, “एंजिनाचा आवाज मध्येच बंद कसा होतो?” मी सांगितले, तेव्हा ती वीज असते.

माँ स्नीचा घाट सुमारे २०८० मीटर उंचीवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनने तिथला रस्ता बांधवून घेतला. हिवाळ्यात तो बर्फाखाली बंद असतो. जूनमध्ये माथ्यावरच्या तलावाकाठी रानफुले होती. तिथे थांबून आम्ही थर्मासमधला चहा प्यालो आणि सूसाच्या दिशेने उतरू लागलो. वळणे एकात एक गुंतलेली होती आणि मी सारखा ब्रेक दाबीत होते. तिसऱ्या की चौथ्या वळणावर अण्णा म्हणाले, “दुसरा टाक.” खंडाळ्याचा घाट उतरताना दादाला ते हेच सांगत असत. दुसरा गिअर या गाडीत नव्हता. मग मला आठवले की दांड्यावर ‘बी’ असे एक अक्षर आहे, उतारावर एंजिनाने गाडी रोखून धरण्यासाठी. मी दांडा तिथे ओढला. एंजिन घुमले, गाडी मागून कुणी धरल्यासारखी सावरली.

“आहे की दुसरा,” अण्णा म्हणाले.

पुढच्या सरळ पट्ट्यावर मी ओझरते पाहिले. त्यांचा उजवा पाय मागे आला होता.

ट्युरिनच्या मध्यभागात कॅमेऱ्यांनी राखलेली क्षेत्रे आहेत. परवानगीवाचून गाडी नेली तर दंड घरपोच येतो. आम्ही गाडी तिथे नेलीच नाही. सरळ लिंगोत्तोला गेलो. १९२३ साली सुरू झालेला फियाटचा हा पाच मजली कारखाना १९८२ साली बंद झाला. कच्चा माल तळमजल्यावर येई, गाडी मजल्यागणिक जुळत वर चढे आणि तयार होऊन गच्चीवरच्या सुमारे एक किलोमीटरच्या चाचणीमार्गावर धावे. आज आत दुकाने आहेत, चित्रसंग्रह आहे; २०२१ पासून गच्चीवर बाग केली आहे. ज्या मार्गावर गाड्या धावत तिथे लव्हाळी आणि झुडपे वाऱ्याने डोलत होती. टोकाला मार्ग भिंतीसारखा उभा वळतो. अण्णांनी त्या वळणाच्या काँक्रीटवर तळहात टेकला आणि तसेच उभे राहिले.

ते काही मोठे बोलतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, “आमच्याकडे गच्ची नव्हती. आम्ही गाडी आग्रा रोडवर काढून बघायचो.” मग थोडे थांबून, “कठीण परीक्षा तीच होती.”

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. ती बाजू त्यांना कमी दिसते, हे लक्षात येऊन मी पुढे सरले.

तीन दिवसांनी मालपेन्साला गाडी परत केली. टाकी भरून द्यायची होती, ती भरली. उरलेला वेळ अण्णांनी गाडी तपासण्यात घालवला. ओरखडे आता डोळ्यांना नीट दिसत नाहीत म्हणून ते दारांवरून, चाकांच्या कमानींवरून, मागच्या पत्र्यावरून तळहात फिरवीत गेले. एकदा थांबले, बोटाने पुन्हा चाचपले आणि म्हणाले, “हा आपला नाही. आधीचा आहे.” मी करारातल्या आकृतीत पाहिले, त्या जागी खरोखरच एक फुली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि चहा मागितला. पण त्या दिवशी मालपेन्साच्या वाहनतळावर ते नाराज झाले होते, हे मला आठवते. गाडी ताब्यात घ्यायला आलेला माणूस घाईत होता. त्याने इंधनाचा काटा पाहिला, कागदावर सही केली, एक प्रत माझ्या हाती दिली आणि तो पुढच्या गाडीकडे गेला. विमानात बसेपर्यंत अण्णा तेच म्हणत होते.

“बघितलंस? हात न लावता पास केली.”